एक घराणे, दोन दफ्तरे : पामर कुटुंबाचा इतिहास, मृत्युपत्रे आणि विवाहनोंदींच्या आधारे

प्रास्ताविक

नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील शहाणपण आणि संयम दोन्ही गेले, या आशयाचा अभिप्राय मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. हा अभिप्राय देणारी व्यक्ती म्हणजे पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट विल्यम पामर. १७९८ ते १८०१ या काळात तो पुण्यास होता. त्याच्या घरची मालकीण फैज बख्श बेगम ही मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे आढळत नाही. ती इराणी वंशाच्या एका घोडदळ अधिकाऱ्याची मुलगी होती. तिचा मुलगा पुढे हैदराबादचा सर्वांत मोठा सावकार झाला. तिच्या नातीचे लग्न निजामाच्या नोकरीतील एका नामांकित इंग्रज लेखकाशी झाले.

या कुटुंबात दोन आया, दोन धर्म आणि सावत्र भावंडे होती. अशा कुटुंबाला प्रस्तुत लेखात 'मिश्र कुटुंब' म्हटले आहे. असे कुटुंब बखरीत किंवा राजकीय पत्रव्यवहारात सलग सापडत नाही. त्याचे तुकडे मृत्युपत्रांत, चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदींत, सनदांत आणि निकाहाच्या कागदांत विखुरलेले असतात. हे तुकडे कसे जुळवावेत आणि जुळवताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार येथे केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन एवढेच की, प्रत्येक कागद ज्या कचेरीसाठी लिहिला गेला त्या कचेरीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, आपल्या प्रश्नाचे नव्हे. म्हणून एकाच दफ्तरावर विसंबून एखाद्या स्त्रीला 'पत्नी' किंवा 'रखेल' ठरवणे हा त्या स्त्रीवर अन्याय ठरतो आणि इतिहास म्हणूनही ते चूक ठरते.

कुटुंबाची रूपरेषा

विल्यम पामरचा जन्म १७४० चा. तरुणपणी तो ब्रिटिश पलटणीबरोबर वेस्ट इंडीज बेटांत होता. तेथे सेंट किट्स बेटावरील सेरा हेझेल हिच्याशी त्याचे लग्न झाले व मुले झाली. त्यांपैकी जॉन पामर हा पुढे कलकत्त्याचा प्रख्यात व्यापारी झाला. विल्यम ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, सेरा मात्र त्याच्याबरोबर आली नाही. वॉरन हेस्टिंग्जचा विश्वासू म्हणून विल्यमची लखनौस नेमणूक झाली. तेथे त्याचा फैज बख्श हिच्याशी संबंध जुळला व तो १८१६ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे पस्तीसहून अधिक वर्षे टिकला. घराण्याच्या परंपरेनुसार हा संबंध मुस्लिम रीतीने झालेल्या निकाहाचा होता.

या दांपत्याचा थोरला मुलगा विल्यम १७८० मध्ये लखनौस जन्मला. दुसऱ्या मुलाचे नाव वॉरन हेस्टिंग्जवरून हेस्टिंग्ज असे ठेवले. मेरी नावाची मुलगीही होती. १७८५-८६ च्या सुमारास रंगवलेले या कुटुंबाचे एक अपूर्ण तैलचित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते योहान झोफानी या चित्रकाराच्या नावावर सांगितले जाते. काही अभ्यासकांनी ते फ्रान्सिस्को रेनाल्डी याचे मानले आहे. चित्रात पामर, फैज बख्श व तिची मुले यांच्याबरोबर आणखी एक उच्चकुलीन स्त्री आहे. जुन्या लेखकांनी ती पामरची दुसरी बीबी असल्याचे लिहिले. अलीकडच्या काही अभ्यासकांनी ती फैज बख्शची बहीण नूर बेगम असावी असे मत मांडले आहे. केवळ चित्र पाहून एका बहिणीची सवत कशी होते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नात्यांची नावे

कागद वाचण्यापूर्वी नात्यांच्या शब्दांकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मराठीत 'सावत्र' हा एकच शब्द अनेक नात्यांना पुरतो. इस्लामी वारसा कायद्यात मात्र भावंडांचे तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले जातात. आई आणि बाप दोन्ही एक असतील तर ऐनी, बाप एक व आया दोन असतील तर अल्लाती आणि आई एक व बाप दोन असतील तर अखयाफी. पत्नीला आधीच्या पतीपासून झालेला मुलगा तो रबीब; त्याचा सावत्र बापाच्या मालमत्तेत वारसा नसतो. हे भेद केवळ शब्दांचे नाहीत. हनफी फिक्हनुसार अखयाफी भावंड एकच असेल तर त्याचा हिस्सा एक षष्ठांश असतो. ती दोन किंवा अधिक असतील तर त्यांना मिळून एक तृतीयांश मिळतो आणि त्यात भाऊ-बहिणींना समान वाटा असतो. अल्लाती भावंडांचा हिशोब अगदी वेगळा आहे.

या भाषेत कलकत्त्याचा जॉन पामर आणि हैदराबादचा विल्यम पामर हे अल्लाती भाऊ ठरतात. इंग्रजी दफ्तरात हेच नाते वेगळ्या रीतीने नोंदले जाते. तेथे एक औरस आणि दुसरा 'नैसर्गिक' पुत्र ठरतो, म्हणजे कायद्याने मान्य विवाहाबाहेरचा. मराठी मोडी कागदांतही 'लग्नाची', 'पाटाची' आणि 'लेकावळे' अशा शब्दांनी घरातील स्थान दाखवलेले असते. भाषांतर करताना या सर्वांना एकाच शब्दात बसवले की पुढचा सगळा निष्कर्ष बिघडतो.

मृत्युपत्र काय सांगते

कंपनीच्या राज्यात मरण पावलेल्या इंग्रजाचे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावे लागे. कलकत्त्यास सर्वोच्च न्यायालय १७७४ मध्ये, मद्रासला १८०१ मध्ये आणि मुंबईस १८२४ मध्ये स्थापन झाले. मृत्युपत्राबरोबर मालमत्तेची यादी आणि हिशोबही दाखल होत. त्यांच्या नकला लंडनला जात. इंडिया ऑफिसच्या दफ्तरात त्या आजही अभ्यासकांना पाहता येतात.

मृत्युपत्राचा मूळ प्रश्न असतो, पैसा कोणाला द्यायचा? त्यामुळे ज्या व्यक्तींचा उल्लेख इतर सर्व कागदांत टाळला जाई, त्या येथे नावानिशी येतात. जनरल पामरच्या मृत्युपत्रात फैज बख्शचा उल्लेख 'साहिबा बेगम' या बहुमानासह आहे. दीर्घकाळची प्रेमळ मैत्रीण व सहचारिणी असे तिचे वर्णन आहे. 'पत्नी' हा शब्द मात्र नाही. तो नसण्याचे कारण प्रेमाचा अभाव असे मानता येणार नाही. इंग्रजी कायद्याने त्याला एकच पत्नी असू शकत होती आणि ती जागा सेराने घेतलेली होती. फैज बख्शला 'पत्नी' लिहिले असते तर मृत्युपत्राला आव्हान मिळण्याचा धोका होता आणि नुकसान तिचेच झाले असते. हा शब्द गाळण्यात तिला वगळण्यापेक्षा तिच्या संरक्षणाचा हेतू अधिक दिसतो.

ताडून पाहण्यासाठी हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याचे मृत्युपत्र घेता येईल. त्याचा खैरुन्निसा बेगमशी झालेला विवाह आता सर्वपरिचित आहे. कर्कपॅट्रिक १५ ऑक्टोबर १८०५ रोजी कलकत्त्यास वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या दोन्ही मुलांना 'नैसर्गिक' म्हटले व प्रत्येकी दहा हजार पौंड ठेवले. त्यांच्या आईचे नाव आदराने लिहून, तिच्याजवळ स्वतःच्या जहागिरी व मालमत्ता पुरेशी असल्याने तिच्यासाठी वेगळी तरतूद करण्याची गरज नाही, असे त्याने नमूद केले. हे एकच वाक्य नीट वाचले तर खैरुन्निसा ही स्वतंत्र संपत्ती असलेली स्त्री होती हे कळते. उलट फक्त रकमांची यादी वाचणारा अभ्यासक तिला डावलले होते असा चुकीचा अर्थ काढील.

दोन कायदे, एक घर

फैज बख्श आणि पामर यांच्या घराकडे दोन कायदे दोन बाजूंनी पाहत होते. इंग्रजी कायद्याला सेराच्या हयातीतील दुसरा विवाह मान्य नव्हता. इस्लामी कायद्यात पुरुषाला एकाहून अधिक निकाह करता येतात, तेव्हा सेराचे असणे ही अडचण नव्हती. तेथे अडचण वेगळी होती. मुस्लिम स्त्रीचा निकाह गैरमुस्लिम पुरुषाशी होत नाही. म्हणूनच कर्कपॅट्रिकच्या बाबतीत त्याने इस्लाम स्वीकारल्याचा दावा खैरुन्निसाच्या घरच्यांकडून झाला. एका दफ्तरात पहिली पत्नी हा अडसर होता, तर दुसऱ्या दफ्तरात धर्म.

वारशाच्या बाबतीतही तेच. हनफी फिक्हनुसार मुस्लिम व गैरमुस्लिम यांच्यात परस्पर वारसा चालत नाही. शिया परंपरेत काही बाबतीत नियम वेगळा आहे. निकाहाने वारसा मिळेलच याची खात्री नसल्यामुळे अशा घरांत हयातीत दिलेली देणगी म्हणजे हिबा, मेहेर आणि मृत्युपत्र यांना विशेष महत्त्व आले. येथे एक फरक लक्षात घ्यावा. मुस्लिम व्यक्तीची वसीयत साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपुरती मर्यादित असते, पण इंग्रजाला आपली सर्व मालमत्ता हव्या त्या व्यक्तीस लिहून देता येई. त्यामुळे मुस्लिम बेगमेच्या हक्काचा सर्वांत भक्कम कागद अनेकदा इंग्रज पतीच्या इंग्रजी मृत्युपत्रातच आढळतो.

मुलांचे स्थान

आई कोण यावर मुलांचे पुढचे आयुष्य ठरले. १७९१ मध्ये कंपनीने आईबापांपैकी एकजण हिंदी असलेल्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी अधिकारपदांपासून दूर ठेवण्याचा नियम केला. १७९५ मध्ये तो अधिक कडक झाला. जॉन पामरला ही अडचण नव्हती. विल्यमला मात्र बापाच्या मालकाचे दार बंद होते. १७९९ मध्ये तो निजामाच्या फौजेत दाखल झाला. पुढे नोकरी सोडून त्याने हैदराबादेत रेसिडेन्सीच्या शेजारी पेढी उघडली. १८१४ मध्ये विल्यम पामर अँड कंपनीस कंपनी सरकारची परवानगी मिळाली. गोदावरीकाठच्या जंगलातील सागवान हा या पेढीच्या सुरुवातीच्या उद्योगांपैकी एक होता. अविभाजित आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा म्हणजे हीच गोदावरी, त्यामुळे या कुटुंबाचा इतिहास आपल्या भागापासून फार दूरचा नाही.

पेढीत विल्यम, त्याचा ऐनी भाऊ हेस्टिंग्ज, गुजराती सावकार बंकटीदास आणि पुढे सर विल्यम रंबोल्ड असे भागीदार होते. कलकत्त्याच्या जॉनची पेढीही या व्यवहारांशी जोडलेली होती. म्हणजे इंग्रजी कायद्याने ज्यांना वेगळ्या पायरीवर बसवले होते, ते सावत्र भाऊ व्यवहारात एकमेकांना धरून होते. १८२० मध्ये निजाम सरकारला दिलेले साठ लाखांचे कर्ज वादाचे कारण झाले. ब्रिटिश प्रजाजनाने परवानगीशिवाय हिंदी राजाला कर्ज देऊ नये असा १७९७ चा पार्लमेंटचा कायदा होता. १८१६ मध्ये पेढीला त्यातून सूट मिळाली होती. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने पेढीच्या व्यवहारांवर कडक हरकत घेतली. १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांतासाठी निजामाला मिळणारी वार्षिक सात लाखांची पेशकश एकरकमी रूपात देऊन कर्ज फेडण्यात आले आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली.

येथे घरातील प्रश्न राजकीय होतो. लखनौस मुस्लिम आईच्या पोटी जन्मलेला विल्यम हा 'ब्रिटिश प्रजाजन' की हिंदी सावकार? नोकरी देताना कंपनीला तो हिंदी वाटला. कर्जव्यवहाराला बंधन घालताना मात्र इंग्रजी कायदा पुढे आला. कॅरन लेनर्ड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पेढी मूलतः हिंदी सावकारी पेढी होती असे मत मांडले आहे. आईच्या निकाहाचा प्रश्न दोन पिढ्यांच्या उपजीविकेशी कसा जोडलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

फैज बख्श पतीच्या निधनानंतर हैदराबादेत मुलाजवळ राहिली आणि १८२८ मध्ये वारली. विल्यम १८६७ मध्ये हैदराबादेतच वारला.

बहिणीची शाखा

नूर बेगम ही महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती बन्वा द बॉइन याची सहचारिणी होती. १७९७ मध्ये ती दोन मुलांसह त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली. तेथे मुलांचा बाप्तिस्मा झाला. बानू ही ॲना झाली आणि अली बख्श हा चार्ल्स अलेक्झांडर झाला. नूर स्वतः हेलन बेनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. १७९८ मध्ये द बॉइनने एका फ्रेंच उमराव घराण्यातील आदेल द'ऑस्मो हिच्याशी लग्न केले. नूर ससेक्स परगण्यात राहिली आणि १८५३ मध्ये वारली. १८३० मध्ये बापाची जहागीर व किताब तिच्या मुलाकडे गेला. फक्त बाप्तिस्म्याची नोंद पाहणाऱ्याला येथे एक ख्रिस्ती इंग्रज कुटुंब दिसेल. नाव बदलण्यापूर्वीचा कागद जोडला नाही तर लखनौ आणि महादजींची छावणी दोन्ही गायब होतात.

नाव पुसले जाते कसे

विल्यम पामरची मुलगी मेरी हिचे लग्न १८३२ मध्ये फिलिप मेडोज टेलर याच्याशी झाले. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीचा लेखक आणि पुढे नळदुर्गचा अधिकारी म्हणून मराठवाड्यातील वाचकांना तो परिचित आहे. मेरी ही फैज बख्शची नात. इंग्रजी विवाहनोंदीत वधूवरांची नावे, त्यांची स्थिती, ठिकाण, पाद्री व साक्षीदार असत. आईच्या नावाला रकाना नव्हता. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदीत आईचे नाव लिहिण्याची पद्धत मे २०२१ मध्ये सुरू झाली. आईच नाही तेथे आजी कोठून येणार? एका पिढीत बेगम नोंदीबाहेर गेली.

आपल्याकडच्या निकाहनाम्यातही दोष नाहीत असे नाही. त्यात वधू, तिचा बाप, वकील, दोन साक्षीदार आणि मेहेरची रक्कम असते. आईचा उल्लेख बहुधा नसतो. मात्र वधूचे स्वतःचे नाव आणि तिचा आर्थिक हक्क एकाच कागदावर लिहिलेला असतो, हे त्याचे बलस्थान आहे.

बंगालमधील इंग्रजांच्या मृत्युपत्रांची मोजणीही बोलकी आहे. १७८० ते १७८५ या काळात तीनपैकी एका मृत्युपत्रात हिंदी सहचारिणीचा उल्लेख होता. १८०५ ते १८१० मध्ये तो चारपैकी एकात, १८३० मध्ये सहापैकी एकात आढळतो आणि शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. संबंध कमी झाले आणि ते कबूल करण्याची तयारीही कमी झाली, असे दोन्ही अर्थ यातून निघतात. दुर्बा घोष यांनी २००६ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, बहुसंख्य स्त्रियांची पूर्ण नावेही या कागदांत नाहीत. किताब, तैलचित्र आणि संपन्न मुलगा लाभलेली फैज बख्श हा अपवाद आहे. तिच्यावरून सर्वांचे चित्र रंगवू नये.

आपल्या जिल्ह्यातील साधने

ही पद्धत आपल्या महाविद्यालयांतही वापरता येईल. आदिलाबाद परिसरात उर्दू, मराठी, तेलुगू आणि गोंडी एकत्र नांदत आल्या आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर पैनगंगेच्या एका काठावर इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या काठावर निजामी अंमल अशी स्थिती झाली. नदीपलीकडे सोयरीक झालेल्या घराचे कागद त्यामुळे दोन राज्यांत विभागले गेले. हैदराबाद राज्यात १८८४ पासून फारसीऐवजी उर्दू ही कारभाराची भाषा झाली, म्हणून एकाच घराण्याचे आजोबांचे कागद फारसीत आणि नातवाचे उर्दूत सापडतात. गावपातळीवर मोडी मराठीही होती. आदिलाबाद जिल्हा १९०५ मध्ये झाला. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आज कागद कोणत्या कचेरीत शोधायचा हे ठरवताना हा क्रम माहीत असावा लागतो.

उपयुक्त साधने मुख्यतः तीन आहेत. काझींकडील निकाहाचे सियाहनामे हे पहिले. इनाम व वतनांच्या वारस चौकशीनंतर दिले जाणारे मुन्तखब हे दुसरे. त्यात मुलगे व विधवा यांचा तपशील येतो. घरोघरी जपलेले हिबानामे, मेहेरची कागदपत्रे व वाटणीपत्रे हे तिसरे. विद्यार्थ्यांना कागद देताना चार प्रश्न विचारण्यास शिकवावे. हा कागद कोणी, कोणत्या कचेरीसाठी लिहिला? यातून कोणाला काय मिळाले? नात्याचा नेमका शब्द कोणता वापरला? आणि घरात असूनही कोणाचे नाव येथे नाही?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वारस चौकशीत दुसऱ्या पत्नीचे किंवा रबीब मुलाचे नाव नसणे म्हणजे ती व्यक्ती नव्हतीच असे नाही. तिला हिस्सा नव्हता एवढेच कदाचित त्यावरून कळते. उलट मुन्तखबात असलेली व्यक्ती घरात कशी वागवली गेली हे त्या कागदावरून कळत नाही. आजच्या कुटुंबांशी संबंधित कागद हाताळताना त्या घराची संमती घ्यावी आणि जुने नाते उघड झाल्याने कोणाचा मान दुखावणार नाही याची दक्षता घ्यावी. मूळ कागद घरातच राहू द्यावा, छायाचित्रावर काम करावे.

समारोप

पामर कुटुंबाच्या कागदांतून एक गोष्ट निश्चित होते. फैज बख्श ही इंग्रजी चर्चच्या लेखी कोणीच नव्हती, मृत्युपत्राच्या लेखी सन्माननीय सहचारिणी होती आणि आपल्या समाजाच्या लेखी बेगम होती. यांपैकी एकही कागद खोटा नाही आणि एकही पूर्ण नाही. जॉन व विल्यम हे दोन भाऊ कायद्याने वेगळे आणि व्यवहारात एकत्र होते, हेही दोन्ही दफ्तरे समोर ठेवल्यावरच कळते.

आपल्या परिसरातील फारसी, शिकस्ता उर्दू व मोडी वाचणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. जो कागद वाचता येत नाही तो घरातून रद्दीत जातो आणि त्याच्याबरोबर एखाद्या आजीचे नाव कायमचे जाते. उर्दू, मराठी व इतिहास या तीन विभागांच्या शिक्षकांनी मिळून अशा कागदांचे वाचनवर्ग चालवले, तर हे नुकसान काही अंशी तरी थांबवता येईल. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा लिप्या शिकवणाऱ्या दोन-तीन जाणकारांची आणि नियमित वेळेची अधिक गरज आहे.